लाल फितीचा विळा

मागच्या आठवड्यात या पानावर एकाने विचारलं होतं – टीव्हीवर जेलच्या आतले जे रिअ‍ॅलिटी शो दाखवतात ते खरे असतात का, आणि ते कायद्यात बसतात का? खाली बऱ्याच जणांनी उत्तरं दिली होती. मी तीन वेळा टाइप केलं आणि तीन वेळा खोडलं. कारण उत्तर मला माहीत आहे... पण ते दिलं की पुढचंही सांगावं लागतं, आणि पुढचं मी आजपर्यंत घरचे, कोर्ट आणि दोन-चार मित्र सोडले तर कुणाला सांगितलेलं नाही.

भूत, करणी, अंगात येणं या गोष्टींची मी टिंगल करत आलो. कॉलेजात असताना अंधश्रद्धेवरच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. बक्षिसाचा स्टीलचा डबा आई अजून मिठासाठी वापरते. हे अशासाठी सांगतो की खाली जे लिहितोय ते वाचून तुम्हाला जे वाटेल, तेच दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मलाही वाटलं असतं.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगावपासून आठ किलोमीटर आत. घरची थोडी धानाची शेती. बाबांना सही येत नाही, आईलाही नाही. घराण्यात पहिला पदवीधर मी. २००७ साली गोंदियाच्या कॉलेजात पदवी वाटपाचा कार्यक्रम झाला तेव्हा बाबा नवीन बनियन आणि जुना सदरा घालून आले होते. पदवीचा कागद गुंडाळून त्याला लाल फीत बांधलेली. कुणाचा कुणाला जाऊ नये म्हणून क्लार्कने प्रत्येक फितीच्या टोकावर बॉलपेनने नंबर टाकला होता. माझा सतरा.

घरी आल्यावर बाबांनी फीत सोडली, बोटांनी चोळून पाहिली आणि म्हणाले, "चांगला कपडा आये. फुकट काऊन जावाले?"

दुसऱ्या दिवशी ती फीत त्यांच्या विळ्याच्या मुठीवर होती. तळहाताला जुनी जखम होती त्यांच्या, लाकूड टोचायचं. गावात कुणी विचारलं की विळा वर करून दाखवायचे, "पोराची डिग्री आये हे." लोक हसायचे. मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

ही फीत लक्षात ठेवा.

पदवीनंतर मी गोंदियात एका केबलवाल्याकडे लोकल बातम्यांना लागलो. उद्घाटनं, अपघात, शाळांचे कार्यक्रम. २००९ च्या दिवाळीनंतर मुंबईहून एका हिंदी चॅनेलची टीम आली. कैद्यांवरचा शो होता. खरं जेल, खरे कैदी, खरे अश्रू, असं ते जाहिरातीत म्हणायचे. आमच्या भागातल्या एका लहान जेलमध्ये (नाव लिहीत नाही) शूटिंग होतं, आणि त्यांना आमची झाडीबोली समजणारा, हिंदी बोलणारा माणूस हवा होता. मालकाने मला पाठवलं.

डायरेक्टर पस्तिशीचा, गॉगल डोक्यावर. पहिल्याच दिवशी चहा पिताना म्हणाला, "ग्रॅज्युएट है ना तू? यहाँ क्या सड़ रहा है? काम अच्छा किया तो बंबई ले चलूँगा." कुणी मला इतकं सरळ असं म्हटलं नव्हतं. मी त्या दिवसापासून त्याच्या पुढेमागे धावायला लागलो. आता आठवलं की स्वतःचीच मान खाली जाते.

परवानगीचं पत्र मराठीत होतं. सरकारी मराठी, लांबलचक. डायरेक्टरने ते माझ्याकडे टाकलं. "देख, क्या लिखा है."

मी वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की स्वयंपाकघर, आवार, बाग एवढंच चित्रित करावं. कैद्याचा चेहरा दाखवू नये. ज्याची केस कोर्टात चालू आहे त्याच्याशी केसबद्दल एक शब्द बोलू नये.

जेलचे मोठे साहेब रजेवर होते. ड्युटीवरचे हवालदार आमच्याच भागातले, भला माणूस. त्यांनीही तेच पत्र हातात घेतलं, खालचा गोल शिक्का पाहिला आणि मला परत दिलं. "तुमी शिकलेले मानसं, तुमीच पाहून घ्या बापा. आमाले का समजते त्यातला."

एका बाजूने डायरेक्टर, दुसऱ्या बाजूने हवालदार. दोघांनी माझ्या शिक्षणावर भरवसा ठेवला. मी पत्राची घडी घातली आणि म्हणालो, "परमिशन है सर. सब."

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आमचं शूटिंग कायद्यात बसत नव्हतं, आणि हे त्या आवारात फक्त एका माणसाला माहीत होतं.

दुसरा प्रश्न, खरं असतं का? ऐका.

डायरेक्टरला खुनाचा आरोप असलेला कैदी हवा होता. तो मिळाला – सुकराम काका. पन्नाशीचे, काटक, कोहमाऱ्यापासून आत नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला त्यांचं गाव. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात, म्हणजे २००८ साली, त्यांचा चुलतभाऊ शेतात मेलेला सापडला होता, मानेवर घाव. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी सोडण्यावरून दोघांचं भांडण झालं होतं, म्हणून पोलिसांनी काकांना धरलं. साक्षीदार नव्हता, हत्यार सापडलं नव्हतं. त्यांच्या वकील मॅडम म्हणाल्या होत्या, महिन्या-दोन महिन्यांत जामीन होईल. हे काकांनीच मला पहिल्या भेटीत आनंदाने सांगितलं.

"मी नाही मारलो गा. वल्ल्या बांधीत त्याले पाहिलो तं मीच बोंबललो पयले," ते म्हणाले. मग लगेच विचारलं, "औंदा मंडई भरली का गा तुमच्या इकडं?"

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि त्यात दंडार होते, म्हणजे गाणी-नाच-नाटक सगळं मिळून. सुकराम काका तीस वर्षं दंडारीत काम करणारे. राजा, राक्षस, सासू, सगळं केलेलं. सलग दुसरी मंडई त्यांची जेलमध्ये गेली होती. दंडारीचं बोलताना त्यांचे पाय आपोआप हलायचे.

कॅमेऱ्यासमोर मात्र ते एकच वाक्य बोलायचे. मी नाही मारलो. डायरेक्टर वैतागला. "यार, इसमें स्टोरी क्या है? सब यही बोलते हैं. मुझे पछतावा चाहिए. रोता हुआ आदमी चाहिए." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू लिख. इसकी बोली में. इसको बोल, एक्टिंग है. बंबई जाना है ना?"

मी काकांकडे गेलो. म्हणालो, "काका, दंडारीसारखंच आहे हे. खुनी माणसाचं सोंग करायचं. टीव्हीवर सगळ्यांना माहीत असतं, हे खोटं आहे म्हणून."

"सोंग?" त्यांचा चेहरा उजळला. अजून डोळ्यांसमोर आहे तो. "मंग लिवून दे ना गा. पाठ करतो. अस्सा करतो का पाहात राहाल."

जेलच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून मी वहीच्या एका पानावर लिहिलं. वीस-बावीस ओळी. भांडण, राग, घाव, मग पश्चात्ताप. शेवटी काहीतरी डोळ्यांसमोर येईल असं हवं होतं. सुचेना. दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा बाबा धान कापून आले होते आणि विळा खुंटीला अडकवत होते, ते आठवलं. म्हणून लिहिलं –

"इळा धुतलो अना तिसऱ्या बांधीच्या धुऱ्यात गाडलो. दोन खोडाच्या मोहाखाली. मुठीले लाल फीत गुंडाळली होती."

मी काकांचं शेत, त्याचे धुरे म्हणजे बांध, कधी पाहिले नव्हते. आजही शपथेवर सांगतो. सगळं मनाचं.

मी वाचून दाखवत गेलो, ते पाठ करत गेले. त्या ओळीवर थांबले. "दोन खोडाचा मोह तं माह्या वावरात आये. तुले कोनं सांगतलन?"

"काका, मोहाचं झाड कुणाच्या वावरात नसतं?"

"हो, तेही खराच," ते म्हणाले. पुन्हा पाठ करू लागले.

कॅमेरा लावला, आणि ते म्हणाले, "टिक्का लाव."

त्यांच्या दंडार मंडळाचा एक रिवाज होता. मारण्याचं किंवा मरण्याचं सोंग असेल तर ज्याने ते लिहिलं त्यानेच कलाकाराच्या कपाळाला पांढरा टिक्का लावायचा, म्हणायचं, आतापासून तू अमुक. काम संपलं की त्यानेच ओल्या बोटाने टिक्का पुसायचा, घोटभर पाणी पाजायचं आणि खऱ्या नावाने तीनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेला कलाकाराने ओ द्यायची, मग सोंग उतरलं.

मेकअपवाला हसला. डायरेक्टर म्हणाला, "लगा दे यार, टाइम जा रहा है." मी मेकअपची पावडर बोटावर घेतली, टिक्का लावला आणि हसत हसतच म्हणालो, "आतापासून तुम्ही खुनी."

काकांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा... काय सांगू. मी चांगले नट नंतर मुंबईत पाहिले. तसं काम मी परत पाहिलं नाही. ते रडले, हात पुढे करून पाण्याखाली धुतल्यासारखे चोळले, मातीत गाडल्याचं सांगताना खरोखर खाली वाकले. हवालदार एक पाऊल मागे सरकले. एकाच टेकमध्ये ओके झालं.

तेवढ्यात बंदीची वेळ झाली, कैद्यांना आत घ्यायला लागले. आमची टीम वायरी गुंडाळत होती. काका रांगेतून वळून माझ्याकडे पाहत होते. कपाळावर टिक्का तसाच.

"बाबू! सोंग उतरव ना गा!"

"उद्या येतो काका," मी म्हणालो.

"लिवणाऱ्यालेच उतरवा लागते. दुसऱ्याच्यानं उतरत नाही."

"हो हो. उद्या."

टीम त्याच संध्याकाळी नागपूरला निघाली, गाडीत मी पुढच्या सीटवर होतो. आठ दिवसांत मी मुंबईत होतो.

एपिसोड फेब्रुवारीत आला. रविवारी दुपारी त्याचं रिपीट मी ऑफिसातल्या लोकांसोबत पाहिलं. चेहरा स्पष्ट. खाली हिंदी अक्षरं – एका खुन्याची कबुली. हे सोंग आहे असं कुठेही नव्हतं. पाठीवर थापा पडल्या. मी जेवलो नाही, बस एवढंच केलं मी.

नंतर आठ-दहा दिवसांनी डायरेक्टर ओरडतच आला. "हथियार मिल गया! हमारे शो से!" कुणीतरी एपिसोड पाहून पोलिसांना सांगितलं, त्यांनी जाऊन खणलं. तिसऱ्या बांधीचा धुरा, दोन खोडांचा मोह, त्याखाली हातभर खोल.

फुटेज आलं. एका माणसाच्या हातात विळा. गंजून पातं अर्धं राहिलेलं, लाकूड वाळवीने खाल्लेलं. मुठीला मातीने काळी पडलेली चिंधी, आणि एका जागी माती निघालेली तिथे लाल.

मी बाहेर जिन्यात जाऊन घराशेजारच्या दुकानात फोन लावला. त्यांनी बाबांना बोलावून आणलं.

"बाबा, विळा कुठं आहे आपला? फितीचा?"

"खुटीवर. काऊन गा?"

"पाहून या ना."

बराच वेळ गेला. मग ते परत आले. "नाही गा. दिवाळीले होता ना? तुह्या देखतच तं ठेवलो. त्या बाजूवाल्यानं नेलन असंल. त्याची नजरच होती त्याच्यावर."

मी फोन ठेवला. आता हिशेब बघा. माझ्या डोळ्यांदेखत दिवाळीला बाबांनी तो विळा खुंटीला लावला. त्याआधीच्या आठवड्यात त्याने धान कापलं होतं. आणि पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं की सापडलेला विळा किमान एक पावसाळा जमिनीत असावा. आमचं गाव आणि ते शेत यांच्यात साठ-सत्तर किलोमीटर अंतर. आमच्या घरचं कुणी त्या बाजूला कधी गेलेलं नाही.

मी स्वतःला समजावलं. लाल चिंध्या काय कमी आहेत? सगळे शेतकरी बांधतात.

सुकराम काकांचा जामीन फेटाळला. नंतर वकील मॅडमनी मला सांगितलं की टीव्हीवरचं बोलणं एक वेळ कोर्टात उडवता आलं असतं, पण त्यांनी सांगितलेल्या जागेवर, सांगितलेला विळा सापडला, त्याला काय करणार? मला एक फोन करायचा होता, एक कागद लिहायचा होता... हे सगळं मी लिहिलं आहे, एवढंच. नाही केलं. नोकरी जाईल ही भीती होती. पत्रातली अट मी दाबली हे बाहेर येईल ही भीती होती. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी भीती ही की विळा बाबांचा निघाला तर खून त्यांच्या अंगावर येईल. ही तिसरी भीती मी स्वतःला जास्त वेळा सांगायचो, कारण ती चांगल्या मुलासारखी वाटायची.

तीन वर्षं गेली, काकांची केस रेंगाळतच होती. या तीन वर्षांत बाबा शेजाऱ्याशी बोलले नाहीत. विळाचोर म्हणायचे त्याला. तोही म्हणायचा, "डिग्रीचा इळा मी नेऊन का साहेब होनार आहो?" दर सुट्टीत मी हे भांडण ऐकायचो आणि गप्प बसायचो.

२०१३ च्या दिवाळीला गेलो तर बाबांनी माळ्यावरून एक पोस्टकार्ड काढलं. दोन महिन्यांपूर्वी आलेलं. त्यांना वाचता येत नाही आणि दुसऱ्याकडून पोराचं पत्र वाचून घ्यायचं नाही, म्हणून ठेवलेलं.

"वाच. का लिवला आये?"

जेलमधून होतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. दोनच ओळी. माझी घरवाली वारली, मला गावी नेईपर्यंत माती झाली होती. तू सोंग उतरवायला आला नाहीस. – सुकराम.

मी म्हणालो, "असंच. ओळखीचा माणूस आहे एक."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "बाबू, मले वाचता येत नाही. तोंड पाहता येते."

मग मी सगळं सांगितलं. पत्राची अट, लिहिलेलं पान, विळा, सगळं. आई चुलीपुढून उठून आली. बाबा रिकाम्या खुंटीकडे बघत होते. ते ओरडतील असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "मंग कवा जातेस?"

"बाबा, विळा तुमचा निघाला तर तुम्हालाच..."

"माहा आये तं माहाच म्हनीन. तो मानूस तीन सालापासून माह्या इळ्यापाई बसून राहिला अना तू मले वाचवून राहिला? कायले?"

दुसऱ्या दिवशी ते सकाळी शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. काय बोलले माहीत नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं जेलवर गेलो. दुपारची मुलाकातीची वेळ. मध्ये जाळी. पलीकडे सुकराम काका आले तेव्हा मी ओळखलं नाही. केस पूर्ण पांढरे. मला पाहून ते रागावले नाहीत. नजर माझ्यावर होती पण जणू माझ्या मागे काहीतरी बघत होते.

"काका, मी कोर्टात सांगणार आहे. मी लिहिलं होतं म्हणून."

"तू लिवला?" ते हळू म्हणाले. "मले तं दिसते गा. रोज दिसते. मी इळा धुऊन राहिलो... पानी लाल होऊन राहिला... हातात ती फीत वल्ली लागते. मीच मारलो ना त्याले?"

ज्या माणसाने पहिल्या भेटीत 'मी नाही मारलो' याशिवाय दुसरं वाक्य कॅमेऱ्याला दिलं नव्हतं, तो मला हे विचारत होता.

बाबांनी मला कोपराने ढोसलं. "कोर्टाचा मंग पाहू. पयले त्याचा उतरव."

मी पाण्याच्या बाटलीत बोट बुडवलं आणि जाळीतून आत घातलं. काका पुढे वाकले, कपाळ जाळीला टेकवलं. तिथे काही नव्हतं, चार वर्षांपूर्वीची पावडर कशी असेल? मी पुसलं. बाटलीच्या झाकणातून थोडं पाणी जाळीतून त्यांच्या ओठांना लावलं, अर्धं सांडलं. ड्युटीवरचा शिपाई बघत होता.

"सुकराम."

काही नाही. पापणीही हलली नाही.

"सुकराम."

ते माझ्याकडे पाहत होते, पण ते नाव दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. शिकलेला माणूस मी, वक्तृत्वात दुसरा... आणि त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की हे खरं असावं, हे काम करावं.

"सुकराम!"

"ओ," ते म्हणाले.

आणि जाळीला धरून खाली बसले. लहान मुलासारखे हुंदके देत होते. "नाही मारलो गा मी. नाही मारलो. मी तं पाहून बोंबललो..." तेच, पहिल्या दिवशीचं.

नंतर त्यांनी खिशातून एक पान काढलं, घड्यांवर फाटलेलं. माझ्या अक्षरातलं. सोंग उतरेपर्यंत लिहिलेला कागद टाकायचा नसतो, कुणाला दाखवायचाही नसतो, म्हणून जपून ठेवलेलं. वकील मॅडमना ते पान दाखवलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "हे आधी का नाही सांगितलं?" मी तिन्ही भीतींची कारणं सांगितली.

कोर्टात मी सगळं सांगितलं. पत्रातल्या अटीसकट. हवालदारांना विचारलं तेव्हा त्यांनीही खरं सांगितलं, टिक्का लावल्याचंसुद्धा. मग मुद्देमालाचं सीलबंद पाकीट फोडलं. विळा टेबलावर ठेवला. मला ओळख पटवायला सांगितलं. चिंधी कडक झाली होती, मॅडमनी पेन्सिलीच्या टोकाने तिचं टोक सरळ केलं.

निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, पसरलेलं, पण वाचता येत होतं. १७.

"माझा नंबर," मी म्हणालो. बाबा मागच्या बाकावर होते. त्यांना बोलावलं तेव्हा त्यांनी विळा हातात घेतला, मूठ फिरवून बघितली आणि सरळ म्हणाले, "इळा माहाच आये. मूठ मीच केलो तिवसाच्या लाकडाची. फीत पोराच्या डिग्रीची."

सरकारी वकील उभे राहिले. "मग तुमचा विळा त्या शेतात, जमिनीखाली गेला कसा?"

"मले का माईत साहेब. मी अडानी मानूस." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं. "पोरानं लिवलन, म्हनून गेला."

कोर्टात कुणीतरी हसलं. जज साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं नाही.

बाबांची चौकशी झाली, गावातल्या लोकांनी साक्ष दिली की २००९ च्या हंगामात तो विळा त्यांच्या हातात रोज पाहिला. त्यामुळे २००८ च्या खुनात तो वापरलेला असूच शकत नव्हता. पुरावा उलटाच झाला. सुकराम काकांना जामीन मिळाला, पुढे निर्दोष सुटले. चुलतभावाला कुणी मारलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. चॅनेलचा शो तोपर्यंत बंद होऊन गेला होता. मी नोकरी सोडली, आता सडक अर्जुनीकडे एका शाळेत शिकवतो. काका मंडईला भेटतात. गाणं म्हणतात, ढोलकीवर बसतात, सोंग घेत नाहीत. माझ्याशी नीट बोलतात. त्यांच्या बायकोबद्दल मी त्यांच्याशी एकदाही बोलू शकलेलो नाही.

मित्रांनी कारणं शोधली. कुणी विळा चोरून पुरला असेल. कुणी, का, आणि माझं पान कुणी वाचलं होतं? गंज लवकर चढतो म्हणे. वाळवीने मूठ खायला काही महिने पुरतात म्हणे. असेलही. पण विळा साठ-सत्तर किलोमीटर दूर, मी न पाहिलेल्या झाडाखाली, मी लिहिलेल्या ओळीत नेऊन कुणी ठेवला, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मी थट्टा करणार नाही.

प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर एवढंच. आमचा शो खरा नव्हता आणि कायद्यात बसत नव्हता. मी लिहिला, मग मात्र तो खरा झाला.

शाळेत मुलांना मी निबंध शिकवतो, पण कल्पनेची गोष्ट लिहून दाखवायला सांगितलं की फळ्यासमोर माझा हात थांबतो. हा अनुभवही पाठवण्याआधी चार वेळा वाचून पाहिला. यात जे लिहिलं आहे ते सगळं आधी घडलेलं आहे. न घडलेलं एक वाक्यही लिहायची आता माझी हिंमत नाही. बाबांच्या खुंटीवर नवीन विळा आहे. त्याच्या मुठीला त्यांनी काहीच बांधलेलं नाही, हात टोचतो तरी.